कोणाचा साबण?

आमच्या मरुदानल्लूरच्या आत्याला साबणाचं नाव सांगून काही उपयोग नसे. वेष्टनावर सूर्य असो की चावी, ती हातात घ्यायची, नाकाशी धरायची आणि विचारायची, "कोणाचा?" लहानपणी मला वाटे, तिला कंपनीचं नाव हवंय. ते मी मोठ्या ऐटीत वाचून दाखवायची. आत्या मान हलवायची. तिला हवं असायचं ते एवढंच, की कुठल्या दुकानातून आणला, त्यात काय शिजवलंय हे दुकानदाराला ठाऊक आहे का, आणि वाईट निघाला तर उद्या जाब कोणाला विचारायचा.

आत्याची ओळख द्यायची तर गावाची आधी द्यायला हवी. कुंभकोणम कावेरी आणि अरसलार या दोन नद्यांच्या मधलं. मरुदानल्लूर त्याच्या जवळचं खेडं. नकाशात शोधायला वेळ लागतो, पण दक्षिणेतल्या भजनी मंडळींना हे नाव पाठ असतं. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इथे सद्गुरुस्वामी होऊन गेले. नामसंकीर्तनाची पद्धती, म्हणजे आधी काय गायचं आणि मग काय, ती त्यांनी बसवली. तेव्हा तंजावरच्या गादीवर दुसरे सरफोजी होते. एकोजीराजे 1676 साली तिथे राजे झाले तेव्हापासून 1855 पर्यंत भोसल्यांचं राज्य चाललं. त्यांच्या मागे कारकुनी, पुराण, कीर्तन करत आलेल्या घरांपैकी आमचं एक. शेजारी आम्हाला 'रायर' म्हणत. घरात मराठी, ओसरीवर तमिळ, देवघरात दोन्ही. स्वामींच्या मठात अभंग सुरू झाला की आतोबांना वाटे आपल्या माहेरचं कोणी भेटलं, खरं तर माहेर त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. तीन शतकांत पंढरपूरला जाऊन आलेला आमच्याकडचा पहिला माणूस मीच.

उत्सव आला की पाहुणे भागवत, म्हणजे भजन गाणारे, आमच्या ओटीवर उतरायचे. पांढरी धोतरं, उपरणी, पंचे यांचा ढीग पडायचा, आणि मग धुण्याचा प्रश्न घरातल्या राजकारणाइतका गंभीर व्हायचा.

साबण येण्यापूर्वीची गोष्ट मी आत्याच्या सासूकडून ऐकली. मोठं धुणं वण्णानकडे जाई. वण्णान म्हणजे आपल्याकडचा परीट. त्याच्याकडे 'उवरमण्' नावाची खारी माती असे. कपडे त्या मातीच्या पाण्यात भिजवायचे, पिळायचे, आणि रात्रभर मडक्यांवर रचून वाफेवर ठेवायचे. त्याला 'वेळ्ळावी' म्हणत. पहाटे पाटाच्या दगडावर आपटले की मळ सुटे. मातीतला खार आणि कपड्यावरचं तेल एकत्र आलं की साबणासारखंच काहीतरी तयार होतं, हे मला फार पुढे शाळेत रसायन शिकवताना कळलं. जुनी माणसं बाजारातल्या साबणालाही 'सवुक्कारम' म्हणत. त्यातला 'कारम' म्हणजे खारच. रेशमी लुगड्यांसाठी मात्र रिठे. तिरुभुवनमचं रेशीम त्या मातीच्या वाऱ्यालाही जाऊ द्यायचं नाही, असा दंडक होता.

गंमत अशी, की त्या मातीला नाव नव्हतं, पण कपड्याला होतं. वण्णान बिब्ब्याच्या रसाने प्रत्येक घराची खूण काठावर करायचा. आमची होती दोन टिंबं आणि एक आडवी रेघ. बिब्ब्याची खूण जन्मात जात नाही. पंचा विरून चिंधी झाला तरी टिंबं शाबूत.

साबण आला आणि घरात भांडण लागलं. सोवळं धुवायचं ते घरातल्या माणसाने, स्वतःच्या हाताने. उंच दांडीवर काठीने वाळत घालायचं, आणि पूजा होईपर्यंत कोणी शिवायचं नाही. आता या धुण्यात चरबीचा साबण कसा चालेल? विलायती साबण जनावराच्या चरबीचा असतो हे सगळ्यांना माहीत होतं. इथे मला नावाचा इतिहास सांगितल्यावाचून राहवत नाही. विलायतेतही आधी धुण्याच्या साबणाला नाव नव्हतं. किराणावाला लांब वडीतून तुकडा कापून वजनावर विकायचा. 1880च्या दशकात विल्यम लीव्हर नावाच्या किराणावाल्याच्या मुलाने वडी आधीच कापली, कागदात गुंडाळली आणि वर 'सनलाइट' छापलं. 1888 साली त्याची खोकी कलकत्त्याच्या बंदरात उतरली. म्हणजे बिननावाचा साबण थोरला, नाववाला धाकटा. आज आपण उलट समजतो, जणू सुट्टा माल हा नावाच्या मालाची नक्कल करतो.

पुढे 1918 साली मुंबईत अर्देशीर गोदरेज यांनी 'चावी' हा धुण्याचा बार काढला, चरबी न घालता, वनस्पती तेलाचा. कुलपांचा कारखानदार साबणाला चावी नाव ठेवतो यात मला अजूनही मजा वाटते. पण आमच्या सोवळ्याच्या भांडणात ती चावी बरोबर बसली. आतोबा म्हणायचे, "चरबी नाही असं छापलंय." आत्या म्हणायची, "छापणारा आपला कोण?" वर्ष-दोन वर्ष वाद चालला. शेवटी तोडगा निघाला तो असा: ओवळं धुणं साबणाने, सोवळं रिठ्याने. 1983 साली वनस्पती तुपात परदेशी चरबी मिसळल्याची बातमी फुटली आणि सरकारने चरबीची आयात बंद केली, तेव्हा मी पुण्यात होते. वाचताच आत्या डोळ्यांसमोर आली. तिने मला पत्र लिहिलं नाही, पण आतोबांना दिवसभर सुनावलं असणार.

घरात सर्वांत जास्त चालला तो 'पाचशे एक' हा बार. टाटांच्या तेलाच्या गिरणीचा, आणि गिरणी कोचीनची, 1917 सालची. म्हणजे खोबरेल तेलाच्या मुलखातली. चेट्टियारांच्या दुकानात लांब बार असत. ते तारेने कापून द्यायचे, आणि तुकड्यावर शेवटचा आकडा राहिला की आम्ही पोरं भांडायचो. आत्याच्या "कोणाचा?"ला उत्तर होतं: चेट्टियारांचा. टाटांचा नव्हे.

1959 साली सर्फ आली. मी नऊ वर्षांची होते. त्याआधी मुंबईच्या स्वस्तिक ऑइल मिल्सची 'डेट' पावडर निघाली होती, पण आमच्या बाजूला ती फारशी दिसली नाही. सर्फचं खोकं पहिल्यांदा पाहिलं ते कुंभकोणमला डॉक्टरांच्या घरी. निळी पावडर, बादलीभर फेस. आत्याने ऐकलं आणि नेहमीचा प्रश्न विचारला. या वेळी मात्र उत्तर भलतंच होतं. डिटर्जंट हा पेट्रोलियमपासून बनतो. त्यात ना चरबी, ना तेल. सोवळ्याची सगळी भांडणं एका विलायती रसायनाने सोडवली, आणि घरातल्या कोणालाही ते पटलं नाही! आत्या म्हणाली, "रॉकेलने कपडे धुवायचे?"

तिचं मन पावडरीने नाही, पाण्याने वळवलं. पाटाला पाणी असेपर्यंत साबण सुरेख चाले. कावेरीवरचं मेट्टूरचं धरण 1934 सालचं. त्याचे दरवाजे जूनच्या 12 तारखेला उघडायचा परिपाठ आहे, आणि पाणी खाली येईपर्यंत आत्या पाटाकडे डोळे लावून बसे. पुढे कावेरीच्या पाण्यावरून वाद वाढले, पाट उशिरा भरू लागले, आणि घरोघरी बोअर झाल्या. बोअरचं पाणी जड. त्यात चुनखडीचे क्षार, त्यांच्याशी साबणाची गाठ पडली की फेसाऐवजी चिकट पांढरा साका होतो आणि पंचा राखाडी पडतो. डिटर्जंटला त्या क्षारांची फारशी पर्वा नसते. नाव, जाहिरात, सोवळं या सगळ्यांपेक्षा बादलीतल्या पाण्याने निकाल दिला. हे मी पुढे वर्गात मुलांना मरुदानल्लूरचं उदाहरण देऊन शिकवत असे.

लग्न होऊन मी 1972 साली पुण्याला आले. वाड्यातल्या नळावर धुणं आपटताना बायका माझ्या मराठीला हसत. पण माझं धुणं पांढरं निघे, त्यामुळे हसणं टिकलं नाही. नळाचं पाणी मऊ होतं, त्याचं श्रेय मी स्वतःकडे घेतलं. निळीचा अंदाज मात्र खरोखरच माझा होता. पिवळटपणा निळ्याने झाकायचा, पण निळं दिसू द्यायचं नाही; ते चमचा मोजून जमत नाही.

निरमा पुण्यात आली तेव्हा सगळी बाजारपेठ उलटीपालटी झाली. करसनभाई पटेल हे गुजरात सरकारच्या खाण आणि भूगर्भ खात्यातले रसायनतज्ज्ञ. 1969 साली त्यांनी घराच्या मागे पावडर मिसळून सायकलवरून विकायला सुरुवात केली, नाव मुलीचं, निरुपमाचं. सर्फ किलोला 13 रुपयांच्या घरात असताना निरमा 3 रुपयांना. वीज न वापरता हाताने केलेल्या मालाला अबकारी कराची सवलत होती, ती त्यांच्या पथ्यावर पडली. दहापंधरा वर्षांत खपात त्यांनी सर्फला मागे टाकलं. मग दूरदर्शनवर ललिताजी आल्या. निळ्या काठाची साडी, भाजीवाल्याशी घासाघीस, आणि स्वस्त वस्तू वेगळी व चांगली वस्तू वेगळी, असा हिशेब. अॅलेक पदमसींनी ही बाई घडवली आणि कविता चौधरींनी ती वठवली. आमच्या वाड्यात ललिताजींची वाक्यं सगळ्यांच्या तोंडी असत आणि बादलीत निरमा असे. 1987 साली सर्फच्याच कंपनीने स्वस्त 'व्हील' काढली, तेव्हा आमच्या वाड्याने मनातल्या मनात टाळ्या वाजवल्या.

या धामधुमीत मीही पावडर केली. महिला मंडळाच्या वर्गात शिकवत: ॲसिड स्लरी, धुण्याचा सोडा, मीठ, थोडा रंग. स्लरी म्हणजे काळपट तपकिरी, मधासारखी दाट, वासाने घसा धरणारी. सोड्यात ओतली की फसफसते, गरम होते, मग घमेल्यात हात चालवत राहायचं, गुठळ्या मोडायच्या, चाळायचं. पहिल्या घाण्यात मी स्लरी जास्त घातली आणि पावडरीचा लगदा झाला. दुसऱ्यात सोडा जास्त. शेजारणीच्या बोटांना भेगा पडल्या, आणि ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसरा घाणा जमला. पाच रुपये किलोने विकला. सगळ्या विचारायच्या, "हिचं नाव काय?" मी नाव ठेवलं नाही. मग त्यांनीच ठेवलं. त्या येऊन म्हणत, "वहिनी, दोन किलो निरमा द्या." निरमा ही आता कंपनी राहिली नव्हती, पिवळ्या पावडरीचं सामान्यनाम झालं होतं. नावांसारखे मालकही बदलले. टाटांची गिरणी 1990च्या दशकात हिंदुस्थान लीव्हरमध्ये विलीन झाली. म्हणजे आमचा पाचशे एकही सनलाइटच्या घरात गेला. आत्या तेव्हा नव्हती. असती तर त्या बारला "कोणाचा?" विचारल्यावर काय उत्तर द्यायचं, हे चेट्टियारांनाही सुचलं नसतं.

2016 साली महामहमच्या स्नानाला कुंभकोणमला गेले. बारा वर्षांनी येणारी ती गर्दी. दोन दिवस मरुदानल्लूरला आतेभावाकडे राहिले. पाटाच्या दगडावर शेवाळ होतं, परसात मशीन गरगरत होतं. माळ्यावरच्या ट्रंकेत आतोबांचा एक पंचा सापडला. काठावर दोन टिंबं, एक आडवी रेघ. वहिनीने तो ओल्या हातांनी उलटसुलट पाहिला आणि बाजूला ठेवला.

मशीनशेजारी पारदर्शक पिशवीत पांढरी पावडर होती. नाव नाही, चित्र नाही, तोंडाला रबरबँड. मी वाकून वास घेतला आणि विचारून बसले, "कोणाची?"

वहिनीने भिंतीपलीकडच्या घराकडे बोट केलं. "त्यांची. त्या चौघी मिळून करतात. मागच्या खेपेला सोडा जास्त झाला होता, मी सांगून आले."