उपचार संपले, त्रास उरला: कर्करोगानंतरची काळजी

कर्करोगाचे उपचार संपले की आपण पेढे वाटतो. पुढे वर्षानुवर्षे राहणाऱ्या त्रासाबद्दल मात्र आपल्या घरांत फारसे बोलले जात नाही. म्हणून आम्ही ही थोडक्यात माहिती देत आहोत. सल्ला अर्थात आपल्या डॉक्टरांचाच घ्यावा.

हातापायांची बधिरता: पॅक्लिटॅक्सेल, ऑक्झॅलिप्लॅटिन अशा औषधांनी नसांना इजा होऊ शकते. मग तव्याचा चटका कळत नाही, अनवाणी पायाला लागलेले समजत नाही. घरातही चपला घालाव्यात.

हाताची सूज म्हणजे लिम्फेडीमा: स्तनाच्या कर्करोगात काखेतील लसिका ग्रंथी काढल्या असतील, तर ही सूज काही वर्षांनीही येऊ शकते. बांगड्या घट्ट होऊ लागल्या तर लगेच दाखवावे. स्तन काढण्याच्या शस्त्रक्रियेचा खर्च देणाऱ्या बहुतेक विमा योजनांना १९९८ च्या केंद्रीय कायद्यानुसार या सुजेचे उपचारही द्यावे लागतात. दाब देणाऱ्या बाह्या व मोज्यांच्या खर्चाचा वाटा मेडिकेअर २०२४ पासून उचलते.

हृदय: डॉक्सोरुबिसिनचा परिणाम बऱ्याच वर्षांनी दिसू शकतो. धाप लागली तर "वय झालं" म्हणून सोडून देऊ नये.

उपचारांचा गोषवारा आणि पुढील तपासण्यांची योजना रुग्णाला लेखी मिळावी, अशी शिफारस अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने २००५ साली केली. हा कागद मागून घ्यावा. भारतात जाताना त्याची प्रत जवळ ठेवावी.

आणि मंडळी, "आता बरी आहेस ना?" एवढ्यावर थांबू नका. "अजून काय त्रास होतो?" हेही विचारा.