कान टोचण्यापासून कान घडवण्यापर्यंत

आपल्या घरांत बाळाचे कान बाराव्या दिवशी किंवा पुढे सवडीने टोचतात. गोपाळ मंदिरामागच्या सराफ्यातून सोनार बोलवायचा, आजीने बाळाला मांडीवर घट्ट धरायचे, तार आरपार गेली की सगळ्यांनी मिळून बाळाला हसवायचे, आणि पुढे भोक बुजू नये म्हणून कडूलिंबाची काडी घालायची. बायजाबाई शिंद्यांनी हे मंदिर बांधले तेव्हाही उज्जैनच्या मराठी घरांत याहून फार वेगळे काही होत नसावे. या लहानशा विधीमागे शस्त्रक्रियेचा मोठा इतिहास आहे, त्याकडे आपले लक्ष वेधायचे आहे.

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातला सोळावा अध्याय कानाचा. सहाव्या किंवा सातव्या महिन्यात बाळाला दाईच्या मांडीवर बसवावे, खेळण्यांनी रमवावे, पाळी ओढून धरावी आणि जिथून सूर्याचा प्रकाश पलीकडे दिसेल तिथे सुई घालावी, असे तो सांगतो. मुलाचा उजवा कान आधी, मुलीचा डावा. मग कापसाची वात घालावी, आणि दर तिसऱ्या दिवशी आधीच्यापेक्षा जाड वात.

ही जाड होत जाणारी वात मला फार महत्त्वाची वाटते. कातडीला एकदम ओढले तर ती फाटते. सवड देऊन ओढले तर ती वाढते. जड दागिने घालण्यासाठी लोक कान असे वाढवीत, आणि हाव झाली की पाळी तुटून दोन तुकडे होत. अशा तुटक्या पाळ्या जोडण्याचे पंधरा प्रकार त्याच अध्यायात आहेत. पाळी उरलीच नसेल तर गालाचे मांस एका बाजूने जोडलेले, म्हणजे जिवंत ठेवून, त्यापासून नवी पाळी करावी, असेही सांगितले आहे. मात्र हे सारे पाळीबद्दल आहे. जन्मतःच नसलेला सबंध कान घडवण्याची रीत त्यात नाही, आणि 'सगळे आपल्याकडे आधीच होते' असे म्हणणाऱ्यांनी तो अध्याय एकदा वाचावा.

जिवंत देठाची ही आपल्याकडची युक्ती इंग्लंडात गाजली ती पुण्यातून. इंग्रज फौजेचा एक मराठा बैलवाला १७९२ च्या लढाईत टिपूच्या हाती सापडला. त्याचे नाक आणि एक हात कापला गेला. इंग्रजी कागदांत त्याचे नाव 'कावसजी' असे आले आहे. वर्षभराने पुण्याजवळच्या एका वीटभट्टीवाल्या जातीतल्या माणसाने कपाळाची कातडी खाली वळवून त्याला नाक करून दिले. भुवयांमधली पट्टी जोडलेली ठेवली आणि सुमारे पंचवीस दिवसांनी कापली. सुश्रुताने गाल सांगितला होता, याने कपाळ घेतले. विद्या पोथीतून नव्हे, हातातून हातात आली होती. लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये ऑक्टोबर १७९४ मध्ये ही हकीकत छापली गेली आणि १८१४ मध्ये कार्प्यू नावाच्या सर्जनने तिच्यावरून तिथे नाक केले. त्याच काळात आपले पाटीलबाबा, महादजी शिंदे, पुण्यातच होते. फेब्रुवारी १७९४ मध्ये वानवडीला वारले. त्यांची छत्री आपण पाहतो. नाक करणाऱ्या त्या माणसाचे नाव मात्र कोणी टिपले नाही. रुग्णाचे नाव राहिले, कारागिराचे गेले, ही गोष्ट मला आजही बोचते.

जाड वातीची कल्पना शस्त्रक्रियेत यायला १९५७ साल उजाडावे लागले. अमेरिकन सर्जन न्यूमन यांनी कान गमावलेल्या एका माणसाच्या कानामागे कातडीखाली रबरी फुगा घातला, त्याची नळी बाहेर ठेवली आणि तो थोडाथोडा फुगवत नेला. वाढलेल्या कातडीने नव्या कानाला पांघरूण मिळाले. पुढे १९७६ मध्ये राडोव्हान यांनी सिलिकोनचा, कातडीखालूनच भरता येणारा फुगा पुढे आणला.

आज लहान किंवा अपुरा कान घेऊन जन्मलेल्या मुलांसाठी एक मार्ग असा आहे: बरगडीच्या कूर्चेतून कानाचा आकार कोरायचा आणि तो कातडीखाली ठेवायचा. कानामागची कातडी अपुरी पडते, म्हणून काही सर्जन आधी फुगा घालतात. आठवड्याला थोडे थोडे सलाइन भरायचे. पातळ, ताणलेली कातडी कूर्चेवर घट्ट बसली की वळणे उठून दिसतात. फुग्याची कातडी फाटण्याची, जंतुसंसर्गाची भीती असते, आणि एक शस्त्रक्रिया वाढते. म्हणून अनेक सर्जन फुगा टाळून कातडीचा तुकडाच जोडतात. कूर्चा पुरेशी वाढेपर्यंत, म्हणजे बहुधा सहा ते दहा वर्षांपर्यंत, थांबावेच लागते.

तोवर आई केस लांब ठेवते, फोटोत मुलाला एका बाजूने उभे करते, आणि बारशाला सोनार आला की एकाच कानाला तार लावायला सांगते. अशा घरांत 'ग्रहण पाहिले होते का?' हे अजूनही विचारले जाते. ग्रहणाचा याच्याशी काही संबंध नाही. आईचाही दोष नाही. आपल्यापैकी कोणाच्या नातवंडाचा कान असा असेल, तर आधी श्रवणाची तपासणी करून घ्यावी. बाहेरचा कान दिसतो म्हणून त्याची चिंता होते, पण ऐकू किती येते हे लवकर कळले तर बोलणे वेळेवर येते. कान घडवायला वर्षे आहेत, ऐकण्याला नाहीत.