मेंदूंतील फुगवटा आणि धातूची वीण

माणसाच्या मेंदूच्या तळाशीं धमन्यांचें एक कडें आहे. ऑक्सफर्ड येथील टॉमस विलिस या वैद्यानें १६६४ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथांत त्याचें वर्णन केलें, आणि त्या ग्रंथांतील चित्रांना पुढें लंडनचें सेंट पॉलचें मंदिर उभारणाऱ्या ख्रिस्तोफर रेन याचा हात लागलेला आहे. या कड्यास जेथें जेथें फांटे फुटतात, तेथें रक्ताचा मारा भिंतीवर अहोरात्र बसत असतो. कांहीं माणसांच्या बाबतींत ती भिंत दुबळी होऊन बाहेरच्या बाजूस फुगते. सायकलच्या जुन्या रबरी नळीला एके जागीं टेंगूळ यावें, तसाच हा प्रकार. पाश्चात्य वैद्यकांत यास ॲन्युरिझम म्हणतात. मराठींत धमनीविस्फार असा शब्द योजिला जातो. पण नुसतें फुगवटा म्हटलें तरी अर्थ पुरता उमगतो.

शंभर प्रौढ माणसांत सुमारें तिघांच्या डोक्यांत असा फुगवटा असतो, आणि त्यांतील पुष्कळांना जन्मभर त्याचा पत्ताहि लागत नाहीं. परंतु जो फुटतो तो फार मोठा घात करतो. डोक्यावर घण बसावा तशी अकस्मात् वेदना उठते, मान ताठते, शुद्ध हरपते. कित्येक रुग्ण इस्पितळाचें दारहि पाहत नाहींत, आणि जे वांचतात त्यांतील बऱ्याच जणांना पुढील आयुष्य दुसऱ्याच्या आधारानें काढावें लागतें. अशा या शत्रूशीं शस्त्रवैद्यांनीं जो झगडा केला, त्याचा इतिहास मोठा उद्बोधक आहे.

हातापायांतील फुगवट्यांवरील उपाय फार जुना. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकांतील अँटिलस हा ग्रीक शस्त्रवैद्य फुगवट्याच्या वरच्या व खालच्या बाजूस धमनी बांधून टाकी आणि मग तो फोडून रिकामा करी. १७८५ सालीं लंडनच्या जॉन हंटरनें एका गाडीवानाच्या गुडघ्यामागील फुगवट्यावर निराळी युक्ति केली. फुगवट्यास हात न लावतां मांडींतच धमनी बांधली. रक्तानें आजूबाजूच्या लहान वाटा धरल्या, फुगवटा ओसरला आणि पाय वांचला. त्याचा शिष्य ॲस्टली कूपर यानें हाच न्याय मानेंतील मोठ्या धमनीस लावून पाहिला. १८०५ सालचा त्याचा रुग्ण दगावला. १८०८ सालचा जगला. पुढें मेंदूंतील फुगवट्यावरहि मानेंतील धमनी बांधण्याचाच उपाय होऊं लागला. पण पाय कांहीं घटका रक्तावांचून तग धरतो. मेंदूला तितकी सवड नसते. कुणाची आडवाट चांगली असे, तो बचावे. कुणाची नसे, त्याचें अर्धें अंग लुळें पडे. रोग्याचें भवितव्य असें त्याच्या जन्मजात ठेवणीवर टाकून देणें ही चिकित्सा नव्हे, नाइलाज होय.

खरी अडचण दुसरीच होती. कवटीच्या आंतील फुगवटा जिवंतपणीं दिसतच नसे. ती अडचण लिस्बनच्या एगास मोनिझ यानें १९२७ सालीं दूर केली. धमनींत सोडियम आयोडाइडचा द्राव सोडून क्ष-किरणांनीं छायाचित्र घेतलें कीं मेंदूंतील रक्तवाहिन्यांचा वृक्ष कांचेवर उमटतो, हें त्यानें दाखवून दिलें. या मोनिझला १९४९ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें तें मात्र मेंदूचे तंतु कापण्याच्या शस्त्रक्रियेबद्दल, जी पुढें वैद्यकानें टाकून दिली. ज्या शोधानें आजहि लक्षावधि लोकांचा लाभ होतो, त्यास तें पारितोषिक लाभलें नाहीं, ही दैवाची थट्टाच म्हणावयाची.

१९३१ सालीं एडिंबरो येथें नॉर्मन डॉट या शस्त्रवैद्यापुढें एक वकील रुग्ण आला. त्याच्या मेंदूंत पुनः पुनः रक्तस्राव होत होता. डॉटनें कवटी उघडली, फुगवट्यापर्यंत वाट काढली, आणि त्याच क्षणीं तो फुटला. त्या वेळीं रुग्णाच्याच मांडींतला स्नायूचा तुकडा काढून तो छिद्रावर दाबून धरण्यांत आला. असा तो सुमारें १२ मिनिटें धरून ठेविला होता. रक्त थांबलें. मग आणखी स्नायु भोंवतीं गुंडाळून तो भाग बळकट केला. रुग्ण बरा होऊन पुढें वर्षानुवर्षें जगला. मेंदूंतील फुगवट्यावर समोरासमोर, ठरवून केलेला हा पहिला यशस्वी हल्ला होय. त्यानंतर ६ वर्षांनीं, १९३७ च्या मार्चमध्यें, बाल्टिमोर येथें वॉल्टर डँडी यानें एका ४३ वर्षांच्या इसमाच्या फुगवट्याच्या मानेलाच रुप्याचा चिमटा लावला. मुख्य धमनी वाहती राहिली आणि टेंगूळ तेवढें बंद झालें. पुढें सूक्ष्मदर्शकाची जोड मिळून झुरिकच्या याशारगिल यांच्या हातीं ही विद्या परिणतीस पोहोंचली. आजहि ती मागें पडलेली नाहीं.

तथापि कवटी उघडणें तें उघडणेंच. न उघडतां आंतूनच जातां येईल काय, हा प्रश्न मॉस्कोच्या फ्योदोर सेर्बिनेन्को याच्या मनांत घोळत होता. मे दिनाच्या उत्सवांत मुलें दोरीला बांधलेले फुगे खेळवीत होतीं, तें पाहून त्यास कल्पना सुचली अशी कथा सांगतात. बारीक नळीच्या टोकाला इवलासा फुगा लावून तो धमनींतून मेंदूपर्यंत नेण्याची व तेथेंच सोडून देण्याची त्याची कृति १९७४ सालीं जगापुढें आली. फुगा मात्र गोल, आणि विकृत पिशवी वेडीवाकडी. फुगा बसवितांना पिशवी फाटण्याचें भय राही. यावर इटालियन वैद्य ग्विदो गुलिएल्मी यानें लॉस एंजलिस येथें तोड काढली. प्लॅटिनमच्या केंसासारख्या मऊ तारेचें वेटोळें पिशवींत सोडावयाचें आणि मनासारखें बसलें कीं अत्यंत मंद विद्युत्प्रवाहानें सांधा विरघळवून तें मोकळें करावयाचें. १९९० सालीं हा उपाय माणसावर सुरू झाला. चिमटा बरा कीं वेटोळें बरें, यावर वैद्यांत वादळ उठलें. २००२ सालीं २,१४३ रुग्णांच्या आंतरराष्ट्रीय तुलनेचा निकाल आला. फुटलेल्या फुगवट्यांत एक वर्षानें मृत वा परावलंबी झालेले, वेटोळ्याच्या बाजूस शेंकडा २३·७ आणि शस्त्रक्रियेच्या बाजूस शेंकडा ३०·६ होते.

आतां सर्व मिटलें असें वाटावें, तों नवीन पेंच पुढें आला. ज्या फुगवट्याची मान रुंद, त्यांतून वेटोळीं घसरून मुख्य धमनींत येत. जो फुगवटा लिंबाएवढा मोठा, त्यांत कितीहि तार भरली तरी रक्ताच्या धक्क्यानें ती दबून पुनः पोकळी होई. येथें विचारानेंच कूस बदलली. दोन हजार वर्षें प्रत्येकाची नजर पिशवीवर होती. ती बांधावी, चिमटावी, भरावी. पण दोष पिशवींत नसून धमनीच्या भिंतींत आहे, मग भिंतच कां सांधूं नये? नदीच्या वळणावरील डोह कुणी दगड टाकून बुजवीत बसत नाहीं. मुख्य धार सरळ वाहूं लागली कीं डोहाचें पाणी संथ होतें आणि तो आपोआप गाळानें भरून येतो. याच तत्त्वावर १९९० नंतरच्या दशकांत जनावरांवर प्रयोग झाले आणि त्यांतून प्रवाह वळविणारा स्टेंट निर्माण झाला.

हृदयाच्या धमनींतील स्टेंटचें काम अरुंद वाट उघडी धरणें, म्हणून त्याचीं भोंकें मोठीं असतात. हा स्टेंट निराळा. कॅलिफोर्नियांत तयार झालेल्या पाइपलाइन नांवाच्या नमुन्यांत कोबाल्ट-क्रोमियम व प्लॅटिनम यांच्या मिळून ४८ बारीक तारा, बुरूड कामट्या विणतो तशा, नळीच्या आकारांत विणलेल्या असतात. जांघेंतील किंवा मनगटांतील धमनींतून लांब नळीवाटे तो मेंदूपर्यंत नेतात आणि फुगवट्याच्या तोंडावरून आडवा पसरतात. धातूनें झांकला जातो तो धमनीच्या आंतील पृष्ठभागाचा जेमतेम एक तृतीयांश भाग. पण तेवढ्यानें पिशवींतील भोंवरा मंदावतो, रक्त साकळतें, आणि पुढें कांहीं महिन्यांत धमनीचें आंतील अस्तर त्या विणीवरून वाढून नवी भिंत तयार होते. शेजारच्या लहान फांट्या मात्र बहुधा चालू राहतात. कारण त्यांच्या पलीकडे मेंदूचा जिवंत भाग रक्त ओढीत असतो, पिशवीच्या पलीकडे कांहींच नसतें.

बुएनोस आयरेस येथें पेद्रो लिलिक व त्यांचे सहकारी यांनीं २००६ ते २००८ या काळांत ५३ रुग्णांतील ६३ फुगवट्यांवर हा उपाय केला. त्यांच्या तपासणींत ३ महिन्यांनीं शेंकडा ५६, ६ महिन्यांनीं ९३ आणि वर्षानें ९५ फुगवटे पूर्ण बंद झालेले दिसले. हातघाईचें नव्हे, काळाच्या साहाय्यानें केलेलें हें काम आहे. २०११ सालीं अमेरिकन सरकारनें मोठ्या व रुंद मानेच्या फुगवट्यांसाठीं त्यास मान्यता दिली.

पण याच सबुरींत याचा धोका आहे. रक्तांत धातु ठेवला कीं त्यावर गुठळी धरते. म्हणून रुग्णास ॲस्पिरिन व क्लोपिडोग्रेल या गोळ्या महिनोन्महिने घ्याव्या लागतात. ज्याचा फुगवटा नुकताच फुटला आहे, त्यास रक्त पातळ करणारें औषध देणें म्हणजे फुटक्या घागरीचें भोंक मोठें करणें. शिवाय मोठे फुगवटे कधीं कधीं स्टेंट बसविल्यावर कांहीं दिवसांनीं फुटले, त्याचें कारण आंत साकळलेलें रक्तच भिंत कुजवीत असावें असें मानतात. कॅनडांत निरनिराळ्या कठीण फुगवट्यांवर या उपायाची चिठ्ठ्या टाकून तुलना चालली होती. स्टेंट बसविलेल्या ७५ जणांपैकीं १२ मृत अथवा परावलंबी झाल्याचें दिसतांच ती मध्येंच थांबविण्यांत आली. उपाय खोटा ठरला असें नव्हे. पण कोणत्या धमनींत, कोणत्या रुग्णास, हा विवेक सुटला कीं उत्तम साधनहि घातक होतें, हें वैद्यांना आकडे पाहून मान्य करावें लागलें.

हल्लीं तारांवर फॉस्फोरिलकोलीनचा लेप देऊन गुठळीचें भय कमी करण्याचा यत्न चालू आहे. फुटलेल्या फुगवट्यासाठीं मात्र अद्याप बहुतेक ठिकाणीं प्रथम हात जातो तो गुलिएल्मीच्या वेटोळ्याकडे, आणि जेथें तेंहि बसत नाहीं तेथें डँडीच्या चिमट्याकडे.