नागपूरचा पाहुणा आणि दहा सेंटचं कॉमिक

गेले काही आठवडे एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत येतोय: सुपरहिरो सोडून वाचण्यासारखं कॉमिक सांग ना. सांगतो. एक जुना अंक आणि तीन तुलनेने नवी पुस्तकं. पण नुसती नावं घेऊन मोकळं होता येणार नाही, कारण या सगळ्यांना जोडणारी एक गोष्ट आहे आणि तिचा एक धागा चक्क नागपुरात आहे.

१९५३ साली जेम्स लॉसन नावाचा अमेरिकन तरुण नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात आला. कृष्णवर्णीय, मेथडिस्ट पंथाचा. कोरियन युद्धाच्या काळात सैन्यात जायला नकार दिला म्हणून तुरुंगात राहून आलेला. नागपुरात त्याने जवळपास तीन वर्षं काढली आणि गांधींच्या सत्याग्रहाचा मन लावून अभ्यास केला. डिसेंबर १९५५ मध्ये तिथल्याच एका वर्तमानपत्रात त्याने बातमी वाचली की अमेरिकेत माँटगोमेरी शहरात कृष्णवर्णीय लोकांनी सिटी बसवर बहिष्कार टाकलाय. १ डिसेंबरला रोझा पार्क्स यांनी गोऱ्या माणसासाठी सीट सोडायला नकार दिला, त्यांना अटक झाली आणि त्यातून हे सुरू झालं. पुढे हा बहिष्कार ३८१ दिवस चालला. लोक पायी गेले, एकमेकांच्या गाड्यांतून गेले, पण बसमध्ये चढले नाहीत.

लॉसन १९५६ मध्ये मायदेशी परतले. १९५७ मध्ये त्यांची मार्टिन ल्यूथर किंग यांच्याशी भेट झाली. शिक्षण वगैरे नंतर बघू, आत्ताच दक्षिणेत या, असा किंग यांचा आग्रह होता. मग लॉसन 'फेलोशिप ऑफ रिकन्सिलिएशन' या शांततावादी संस्थेतर्फे नॅशव्हिलला कामाला लागले.

आता येतं कॉमिक. याच संस्थेने डिसेंबर १९५७ मध्ये 'मार्टिन ल्यूथर किंग अँड द माँटगोमेरी स्टोरी' नावाचा अंक काढला. सोळा पानं, रंगीत, किंमत दहा सेंट. त्या काळी अमेरिकेत कॉमिक्सची इभ्रत काही फार नव्हती बरं का. कॉमिक्समुळे पोरं बिघडतात म्हणून १९५४ मध्ये तिथल्या सिनेटमध्ये सुनावण्या झाल्या होत्या. आपल्याकडे मोबाईलवरून जे बोलणं खावं लागतं ना, तेच तेव्हा कॉमिक वाचणाऱ्यांना खावं लागायचं. अशा वेळी एका गंभीर संस्थेने चळवळ पोहोचवायला हेच माध्यम निवडलं. अडीच लाख प्रती छापल्या आणि चर्च, शाळा, संघटना यांच्यातून वाटल्या.

आत काय आहे? आधी बहिष्काराची हकिकत. मग काही पानं गांधींची. आणि शेवटी मला सगळ्यात जास्त आवडलेला भाग: 'माँटगोमेरीची पद्धत'. म्हणजे हे तुमच्या गावात करायचं असेल तर कसं करायचं, समोरचा अंगावर आला तर तुम्ही काय करायचं, मनाची तयारी कशी करायची. अगदी इन्स्टॉलेशन गाईड! २००८ मध्ये याचं अरबी भाषांतर झालं आणि ते इजिप्तमध्ये वाटलं गेलं. पन्नास वर्षांनी दुसऱ्या भाषेत, दुसऱ्या सरकारसमोर हा अंक पुन्हा कामाला आला, तो बहुतेक या शेवटच्या पानांमुळेच.

एक गंमत मध्येच सांगून टाकतो. या अंकाचा चित्रकार कोण, हे कित्येक दशकं कुणालाच ठाऊक नव्हतं. २०१८ मध्ये उलगडा झाला: साय बॅरी. हेच बॅरी १९६१ पासून तीस वर्षांहून जास्त काळ 'फँटम' काढत होते. फँटम म्हणजे आपला वेताळ! टाइम्सच्या 'इंद्रजाल कॉमिक्स'ने १९६४ पासून घराघरांत नेलेला. तुमच्या आईबाबांच्या पेटीत जुने अंक असतील तर जरूर काढून बघा.

अंकाला मर्यादा आहेत. नावातच किंग असल्यामुळे सगळा झोत त्यांच्यावर. प्रत्यक्षात रोझा पार्क्स यांच्या अटकेच्या रात्री जो ॲन रॉबिन्सन या प्राध्यापिकेने दोन विद्यार्थ्यांना सोबत घेऊन कॉलेजच्या मशीनवर हजारो पत्रकं छापली. ती पत्रकं नसती तर सोमवारी बस रिकाम्या धावल्या नसत्या. एकच नायक, बाकीचे मागे गर्दीत, ही कॉमिक्सची जुनी खोड. अमर चित्र कथा वाचून वाढलेल्यांना ती चांगलीच ओळखीची असेल.

म्हणून दुसरं नाव 'मार्च'. तीन भाग: २०१३, २०१५ आणि २०१६. नॅशव्हिलमध्ये लॉसन यांच्या कार्यशाळांना बसणाऱ्या पोरांत जॉन लुईस नावाचा एक होता. कार्यशाळा म्हणजे काय, तर आपल्याच मित्राने आपल्याला शिव्या द्यायच्या, ढकलायचं, आणि आपण हात उचलायचा नाही. याची अक्षरशः तालीम. हाच लुईस पुढे अमेरिकन काँग्रेसचा सदस्य झाला. त्याच्या कार्यालयातला अँड्र्यू आयडिन कॉमिक्सच्या संमेलनाला जाणार म्हटल्यावर सहकारी हसले, तेव्हा लुईस यांनीच त्या दहा सेंटच्या अंकाची आठवण काढली. त्यातून आयडिन आणि चित्रकार नेट पॉवेल यांच्यासोबत 'मार्च' झालं.

हे कृष्णधवल आहे आणि तेच योग्य आहे. पहिल्या भागात छोटा जॉन कोंबड्यांसमोर प्रवचन देतो ती पानं फार गोड आहेत. पण माझं मत विचाराल तर दुसरा भाग सर्वांत भारी. १९६३ च्या वॉशिंग्टन मोर्चात लुईसचं भाषण फार जहाल आहे म्हणून ज्येष्ठ मंडळी त्याला ते सौम्य करायला लावतात. शत्रू समोर असतानाही आपल्याच लोकांत ओळी खोडण्यावरून होणारी ओढाताण! शाळेच्या पुस्तकात हे कधी येत नाही. तिसरा भाग सोसायला जड आहे, रात्री झोपताना उघडू नका. या भागाला २०१६ चा नॅशनल बुक अवॉर्ड मिळाला. तो घेताना लुईस यांनी सांगितलं की सोळाव्या वर्षी ते लायब्ररीचं कार्ड मागायला गेले होते आणि लायब्ररी फक्त गोऱ्यांसाठी आहे असं उत्तर मिळालं होतं. सांगताना त्यांना रडू आवरलं नाही.

आता इथे कुणीतरी म्हणणार, बघा, सगळं आपल्याकडूनच गेलं. जरा थांबा. लॉसन नागपूर सोडून गेले ते १९५६. त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला त्याच नागपुरात बाबासाहेबांनी लाखो लोकांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. बसमधल्या सीटसाठी लढायची पद्धत ज्या देशातून गेली, त्या देशात पाण्यासाठीचा झगडा चालूच होता.

म्हणून तिसरं नाव 'भीमायन', २०११ चं, नवयान प्रकाशनाचं. मजकूर श्रीविद्या नटराजन आणि एस. आनंद यांचा, चित्रं दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम या गोंड कलाकारांची. त्यांना आधी नेहमीची कॉमिक्स दाखवली, तेव्हा माणसांना चौकटीत कोंबायला त्यांनी साफ नकार दिला. त्यामुळे या पुस्तकात चौकोनी खोकी नाहीत, चित्रं पानभर पसरतात. बोलण्याचे फुगेही बघण्यासारखे: सोसणाऱ्याचं बोलणं पक्ष्याच्या आकारात, जातीचं विष ओकणाऱ्याच्या फुग्याला विंचवाची नांगी. एकदा हे कळलं की पान वाचायच्या आधीच अंगावर येतं.

गोष्ट बाबासाहेबांच्या आठवणींवर बेतलेली आहे. १९०१ साली छोटा भीमराव भावंडांबरोबर मसूर स्टेशनवर उतरतो. न्यायला कुणी आलेलं नाही. महार म्हटल्यावर स्टेशनमास्तर मागे सरकतो, बैलगाडीवाले नाही म्हणतात. शेवटी एकजण दुप्पट भाडं घेऊन तयार होतो, पण गाडी पोरांनीच हाकायची, हा बाजूने चालणार! रात्रभर डबा जवळ आहे आणि प्यायला पाणी नाही. मसूर आपल्या सातारा-कराड पट्ट्यातलं, तुमच्यातले काहीजण त्या रुळांवरून गेलेही असतील. पुतळ्यातले बाबासाहेब आपण रोज बघतो, पण तहानलेला भीमराव मला या पानांवर भेटला. पुस्तकाची सुरुवात मात्र आजच्या बस स्टॉपवर आरक्षणावरून रंगलेल्या वादाने होते. तो वाद मी ऑफिसच्या कँटीनमध्ये इतक्या वेळा ऐकलाय की वाचताना हसू आलं आणि पाठोपाठ थोडी लाजही वाटली.

चौथं 'अ गार्डनर इन द वेस्टलँड', तेही २०११ चं. जोतीराव फुल्यांच्या 'गुलामगिरी'वरचं. लेखन नटराजन यांचंच, चित्रं अपराजिता निनान यांची. 'गुलामगिरी' मुळात जोतीराव आणि धोंडिबा यांच्यातला संवाद आहे, म्हणजे १८७३ मध्येच फुगे तयार होते, चित्रं तेवढी बाकी होती! (आणि पॉडकास्टही झाला असता म्हणा.) जोतीरावांनी हा ग्रंथ गुलामी संपवणाऱ्या अमेरिकेतल्या सज्जनांना अर्पण केला होता. लॉसन इथे येण्याच्या ऐंशी वर्षं आधी पुण्यातून तिकडे पाठवलेला हा निरोप. चित्रं काही ठिकाणी फार गजबजलेली आहेत आणि 'भीमायन'नंतर लगेच हातात घेतलं तर फिकं वाटेल, म्हणून मध्ये थोडे दिवस जाऊ द्या. पण त्यातला तिखटपणा जोतीरावांचाच आहे.

क्रम विचाराल तर दहा सेंटचा अंक आधी. स्कॅन केलेला नेटवर फुकट वाचता येतो, लोकलमध्ये उभ्याउभ्या संपेल. 'मार्च' टॅबवर चालतं. 'भीमायन' मात्र फोनवर वाचू नका, त्या पानांना जागा लागते. लायब्ररीत मागा, नसेल तर मागवायला लावा.

भेटू पुढच्या भागात.