सिकलसेल : चाचणी संपल्यावर औषधाचे काय?

जळगाव/धुळे, विशेष प्रतिनिधी

सातपुड्याच्या पायथ्याशी चोपडा, यावल, शिरपूर तालुक्यांतील भिल्ल व पावरा समाजांत सिकलसेल हा आनुवंशिक रक्तविकार आढळतो. तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि रुग्णाला असह्य वेदना होतात. 'हायड्रॉक्सियुरिया'ने या वेदनांचे झटके कमी होतात, हे अमेरिका व कॅनडातील २९९ प्रौढ रुग्णांवरील चाचणीने १९९५मध्ये दाखवून दिले. मात्र औषध वर्षानुवर्षे घ्यावे लागते आणि रक्ततपासणीही वरचेवर करावी लागते.

नव्या औषधाच्या चाचणीत सहभागी झालेल्या रुग्णाला चाचणीनंतर ते मिळणार का? 'नवीन औषधे व क्लिनिकल ट्रायल नियम, २०१९'मधील २७व्या नियमानुसार, संशोधक डॉक्टरांनी शिफारस केली व नैतिकता समितीने मान्यता दिली, तर प्रायोजकाने ते मोफत पुरवायचे असते. त्यासाठी रुग्णाला औषधाचा गुण आलेला असावा, त्याची लेखी संमती असावी आणि आजारावर अन्य उपचार उपलब्ध नसावा. खरी मेख या शेवटच्या अटीत आहे. हायड्रॉक्सियुरिया हा पर्याय मानला गेला, तर सिकलसेलच्या रुग्णाचा दावा लंगडा पडतो. शिवाय चाचणीनंतरच्या वापराची जबाबदारी प्रायोजकावर राहणार नाही, असेही रुग्णालाच लिहून द्यावे लागते.

अमेरिकेत २०१९मध्ये मान्यता मिळालेले 'व्हॉक्सेलोटर' फायझर कंपनीने सुरक्षिततेच्या कारणावरून सप्टेंबर २०२४मध्ये जगभरातून मागे घेतले. सुरू असलेल्या चाचण्याही थांबविल्या. अशा वेळी रुग्णाला जुन्या औषधाकडेच वळावे लागते. त्यामुळे चाचणीनंतर औषध व तपासणी कोठे मिळेल, हे संमतिपत्रावर सही वा अंगठा करण्यापूर्वीच विचारून घ्यावे. पावरी बोलणाऱ्या रुग्णाला ते त्याच्या बोलीत समजावून मिळावे.