मोटारीचा रंग आणि कोराडीची राख



मोटारीच्या रंगाचा इतिहास सांगावयास एक निवृत्त शाळामास्तर बसला आहे, हें ऐकून आपणांपैकीं कित्येकांस हसूं येईल. परंतु ज्या गांवीं मी राहतों त्या गांवानेंच मला हा अभ्यास करावयास लावलें. नागपूरच्या उत्तरेस असलेलें आमचें कोराडी पूर्वीं जगदंबेच्या देवळामुळें लोकांस ठाऊक होतें. 1974 सालीं येथील औष्णिक वीजकेंद्राचा पहिला संच सुरू झाला, आणि पुढें तें राखेमुळेंही ठाऊक झालें. तुळशीच्या पानांवर, वाळत घातलेल्या धोतरावर आणि दारांतल्या गाडीवर सकाळीं एक करडा थर बसलेला असावयाचा.

1992 सालीं मीं कुर्ल्याच्या कारखान्यांत तयार झालेली एक जुनी पद्मिनी विकत घेतली. रंग आकाशी. शाळेस निघण्यापूर्वीं कोरड्या फडक्यानें ती लखलखीत पुसावयाची, हा माझा नित्यनेम. फडक्यास निळसर छटा येई, आणि मळ निघाला असें समजून मी संतोष पावत असें. आठ-नऊ वर्षांनीं बॉनेटच्या कडेवर खालचें विटकरी अस्तर डोकावूं लागलें, तेव्हां उलगडा झाला. तो मळ नव्हता. तो रंगच होता. मुलांना शुद्धलेखन शिकविणाऱ्या माणसानें रोज सकाळीं आपल्या हातानें आपलीच गाडी खोडून काढली होती.

ही खोड मला लागली कोठून, याचा शोध घेतां घेतां मी बग्गीच्या काळापर्यंत जाऊन पोहोंचलों. पहिल्या मोटारी म्हणजे घोडा सोडलेल्या बग्ग्याच होत्या, आणि त्यांना रंगही बग्गीचाच असे. जवसाचें तेल आणि राळ यांचें वार्निश, त्याचे एकावर एक अनेक हात, आणि प्रत्येक हात वाळेपर्यंत थांबावयाचें. एकेका गाडीस कित्येक आठवडे लागत. हें वार्निश नाजूक. तबेल्यांतील वाफ लागून तें बिघडूं नये म्हणून जाणते लोक बग्गीखाना तबेल्यापासून दूर बांधीत. वाळलेला चिखल कधींही कोरडा पुसूं नये, त्यावर प्रथम पाणी सोडावें, मग स्पंज फिरवावा आणि शेवटीं मऊ कातड्यानें टिपून घ्यावें, अशी नोकरांस ताकीद असे. म्हणजे जी गोष्ट मला कळावयास नऊ वर्षें लागलीं, ती त्या कोचमनास पहिल्या आठवड्यांतच ठाऊक होई!

फोर्डनें 1914 पासून 1925 पर्यंत आपली प्रसिद्ध मॉडेल टी गाडी केवळ काळ्या रंगांत विकली. तो रंग भट्टींत भाजून पक्का करीत. पुढें 1924 च्या ओकलँड गाडीवर ड्यूपाँट कंपनीचा ड्यूको रंग आला आणि सारा व्यवहारच पालटला. हा रंग कशापासून बनतो, हें वऱ्हाड-नागपूरच्या श्रोत्यांस ऐकून कौतुक वाटेल. कापसाच्या तंतूवर नत्राम्ल व गंधकाम्ल यांची क्रिया करून तो तयार होतो. त्याच पदार्थाचा अधिक तापट भाऊ स्फोटक दारूंत जातो. अशा रंगांना इंग्रजीत ‘लॅकर’ म्हणतात, आणि तो शब्द आपल्या पळसावरील लाखेवरून गेलेला आहे. असो. ड्यूको कांहीं तासांतच वाळे. मात्र फवारल्यावर त्याला आपोआप चकाकी नसे. ती घासून आणावी लागे. उन्हानें रंग फिका पडला कीं वरचा मेलेला थर पुन्हा घासावयाचा आणि मेण लावावयाचें. रंगाचा थर जाड, आणि वरपासून खालपर्यंत एकच, म्हणून तें कांहीं काळ खपून जाई. घासणें म्हणजेच निगा, अशी समजूत येथून रूढ झाली. आमच्याकडील रंगारी तर फवारणीच्या कोणत्याही रंगाला ड्यूकोच म्हणत, आणि ‘रबिंग’ करण्यांत त्यांचा हात धरणारा कोणी नसे. मला गुरु मिळाले ते हे!

आजच्या मोटारीवर रंगाच्या वर एक निराळा पारदर्शक थर असतो. त्याची जाडी केसाच्या जाडीहूनही कमी. तो झिजला तरी फडक्यावर रंग उतरत नाहीं, त्यामुळें आपली चूक आपणांस दिसतही नाहीं. उन्हांत सूर्याच्या प्रतिबिंबाभोंवतीं कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेषा दिसूं लागल्या, कीं समजावें.

आतां राखेकडे वळूं. आपल्याकडील शंभर भाग दगडी कोळसा जाळला तर साधारणपणें तीस ते चाळीस भाग राख उरते. तिच्यांतील बहुतेक भाग यंत्रें धुराड्यापूर्वींच पकडतात. निसटतो तो आमच्या वाट्यास. चुलींतल्या मऊ राखेशीं तिची तुलना करूं नये. तिच्यांत वाळूचेंच द्रव्य असतें, कांचेसारखे सूक्ष्म गोळे असतात. कोरड्या फडक्याखालीं ती सापडली कीं फडक्याचा कानसकागद होतो. शिवाय तिच्यांत थोडा चुन्याचा अंश असतो. दंवानें भिजून ती वाळली म्हणजे पांढरे डाग धरतात. गाडीवर आच्छादन घालून निश्चिंत होणारेही पाहिले आहेत. राखेवरच आच्छादन घातलें, तर वारा रात्रभर तें घासतो. जी राख पत्र्यावर दिसते तीच आमच्या मुलांच्या श्वासांतही जाते, आणि तेथें पाण्याची बादली पोहोंचत नाहीं, याची मला जाणीव आहे. परंतु तो विषय एका भाषणांत मावणारा नव्हे.

मी आतां त्या कोचमनाप्रमाणें वागतों. प्रथम टपावरून हलक्या धारेनें पाणी. मग सौम्य साबणाचें पाणी, वरून खालीं. चाकांचें फडकें वेगळें. उन्हाळ्यांत नळावर रांग असतांना गाडी धुणें मनास पटत नाहीं, म्हणून दोन बादल्यांत सारें भागवितों, आणि तेवढें पाणी नसेल त्या दिवशीं राख तशीच राहूं देतों. शेजारी नांवें ठेवतात. तीन महिन्यांनीं एकदां मेणाचा पातळ हात देतों. मधमाशीचें मेण सुमारें 63 अंशांवर वितळतें, तर ब्राझीलमधील ताडाच्या पानांवरचें कार्नोबा मेण 80 अंशांच्याही वर. नागपूरच्या उन्हांत हा फरक मोठा आहे. मे महिन्यांत मात्र हें काम सूर्योदयापूर्वीं आटपावें लागतें. आठ वाजल्यानंतर टपावर हात ठेववत नाहीं.