पाणी, स्नेह आणि पेड

मराठीत ‘कोरडे’ आणि ‘रुक्ष’ हे दोन वेगळे शब्द आहेत आणि त्यांतला फरक कोणाला शिकवावा लागत नाही. दोरीवरचे लुगडे उन्हात कोरडे होते. त्याला कोणी रुक्ष म्हणत नाही. थंडीत टाचा उलतात तेव्हा आपण पाण्याकडे धावत नाही, तेलाची वाटी जवळ ओढतो. कोरड्या वस्तूला पाणी हवे असते, रुक्ष वस्तूला स्नेह. तेलातुपाला ‘स्नेह’ म्हणण्याची रीत आयुर्वेदाइतकी जुनी आहे. इंग्रजीतला ‘ड्राय’ हा एकच शब्द या दोन्ही अर्थांचे ओझे वाहतो. आफ्रिकी वंशाच्या लोकांचे घट्ट पिळाचे केस ‘मुळातच ड्राय’ असतात, हे वाक्य सौंदर्यप्रसाधनांच्या व्यवहारात इतके रुळले आहे की ते निसर्गनियमासारखे उच्चारले जाते. मला ते मान्य नाही. हे केस रुक्ष होतात, कारण टाळूचा स्नेह त्यांच्या टोकापर्यंत आपोआप पोचत नाही. तो हाताने पोचवावा लागतो. तो पोचवण्याची पद्धत आफ्रिकेत केव्हाच बसलेली होती. पाणी, स्नेह आणि पेड अशी तिची तीन अंगे. ती एकमेकांपासून तुटली तेव्हा केसांवर ‘वाईट’ असा शिक्का बसला आणि अलीकडे ती पुन्हा जुळू लागली तेव्हा तेच केस वाढू लागले. या पद्धतीची कुळकथा म्हणजे ही फारकत आणि ही जुळणी.

आधी केसाची घडण पाहू. टाळूच्या त्वचेतल्या तैलग्रंथी सगळ्या माणसांत केसाच्या मुळाशीच असतात. केस सरळ असला तर हे तेल घसरगुंडीवरून उतरावे तसे खाली उतरते आणि दोन दिवसांत केस चप्प दिसू लागतात. घट्ट पिळाचा केस मात्र त्वचेखालीच वाकलेल्या खळगीतून उगवतो. त्याचा छेद गोल नसून चपटा, लंबगोल असतो आणि बाहेर पडताच तो स्प्रिंगसारखी वेटोळी घेतो. प्रत्येक वेटोळ्यावर तेलाची वाट अडते. शिवाय वळणावर केसावरचे खवले उचलले जातात, शेजारचा केस तिथे अडकतो, गुंता होतो आणि कंगव्याचा ताण नेमका त्याच जागी येऊन केस तुटतो. लॉरेआल कंपनीच्या फ्रेंच संशोधकांनी 2003 साली वेगवेगळ्या वंशांच्या केसांची तुलना प्रसिद्ध केली, तेव्हा केराटिन या मूळ प्रथिनाच्या रचनेत त्यांना फरक आढळला नाही. फरक होता तो आकारात आणि आकारामुळे येणाऱ्या नाजूकपणात. केसाच्या आतला स्निग्धांश मोजणाऱ्या नंतरच्या अभ्यासांत तर तो आफ्रिकी केसांत इतरांपेक्षा जास्त भरला. म्हणजे द्रव्यात काही उणे नाही. अडचण आहे ती वाटेची. आणि वाटेची अडचण हाताने सोडवता येते.

पश्चिम आफ्रिकेत ती ज्या द्रव्याने सोडवली गेली ते शिया झाडाचे लोणी. सेनेगलपासून युगांडापर्यंतच्या कोरड्या पट्ट्यात वाढणारे हे झाड आपल्या मोहाच्या आणि चिकूच्या कुळातले आहे. बुर्किना फासोमधल्या किरिकोंगो या जुन्या वस्तीच्या उत्खननात शियाच्या बियांची टरफले इ.स. 100 च्या सुमाराच्या थरांपासून सापडली आहेत. 1352 साली मालीच्या राज्यात गेलेल्या इब्न बतूताने या फळाच्या तेलाचे उपयोग नोंदवले आहेत: स्वयंपाक, दिवे, अंगाला लावणे आणि मातीत कालवून घर लिंपणे. अठराव्या शतकाच्या अखेरीस मंगो पार्क नायजर नदीच्या शोधात गेला, तेव्हा त्याला हे लोणी बंबारा लोकांच्या बाजारात आणि घराघरांत दिसले. ‘शिया’ हा शब्दही बंबारा भाषेतूनच जगभर गेला. ते काढण्याची कृती बायकांच्या हातची. पावसाळ्यात पडलेली फळे गोळा करायची, बिया उकळून वाळवायच्या, फोडून आतला गर भाजायचा आणि दळायचा. मग त्या गडद तपकिरी लगद्यात थोडे थोडे पाणी घालून तो कोपरापर्यंत हात बुडवून फेटत राहायचा. हात भरून येतात, लगदा हळूहळू फिकट पडतो आणि शेवटी ताकातून लोणी यावे तसा पांढुरका गोळा वर येतो. तो धुऊन, कढवून, गाळून थंड केला की घट्ट लोणी तयार. कोकणातल्या माणसाला हे वाचून भिरंडेल आठवेल. रातांब्याच्या बिया कुटून, उकळून वर आलेला स्नेह वळून ठेवतात आणि थंडीत भेगाळलेल्या टाचांना चोळतात, ती हीच युक्ती. हवेत घट्ट राहणारा आणि तळहाताच्या उबेने वितळणारा स्नेह अंगावर टिकून राहतो, खालची ओल लवकर उडू देत नाही.

पण नुसते लोणी म्हणजे पद्धत नव्हे. योरुबा भाषेत शियाच्या लोण्याला ‘ओरी’ म्हणतात. डोक्यासाठीचा शब्दही लिहायला तोच, स्वराघात मात्र वेगळा. त्याच भाषेत केसांच्या रचनेला दोन मोठी नावे आहेत: पेड घालून गुंफलेले ते ‘इरुन दिदी’ आणि दोऱ्याने गुंडाळून बांधलेले ते ‘इरुन किको’. बांधण्यामागे शोभा होती, कुळाची आणि वयाची खूणही होती. पण एक साधे काम त्याआधी होत होते. बांधलेला केस शेजारच्या केसात अडकत नाही, वाऱ्याला आणि उशीला घासत नाही आणि लावलेला स्नेह दिवसेंदिवस धरून ठेवतो. चाडमधल्या बसारा स्त्रियांच्या चेबे पुडीत हेच दिसते. क्रोटनच्या भाजलेल्या बिया, लवंग वगैरेंची ही पूड तेलात कालवून ओलसर केसांना लावतात. ती टाळूला लावायची नाही, केसांच्या लांबीला लावायची; मग पेड घालून टाकायचे आणि काही दिवसांनी त्यावर पुन्हा लेप द्यायचा. चेबेने केस उगवत नाहीत, उगवलेले तुटायचे थांबतात. म्हणून ते कमरेपर्यंत पोचलेले दिसतात. नामिबियाच्या कुनेने भागातल्या हिंबा स्त्रिया लोणी आणि गेरू यांचा ‘ओत्जिझे’ हा लेप अंगाला आणि बटांना देतात. तिथे पाणी इतके दुर्मिळ की अंग धुण्याऐवजी सुगंधी धुरी घेतात. पाणी या पद्धतीचे अंग असेल तर हिंबांचे काय, असा प्रश्न इथे रास्त आहे. उत्तर असे की जिथे पाणी नाही तिथे स्नेह आणि बंध यांनी त्याचा भार उचलला. कायमच्या लेपाखालच्या बटा रोज सोडायच्याच नाहीत, मग ओल्या करून विंचरण्याची गरज उरत नाही. पद्धत मुलखाप्रमाणे बदलली, तिचे सूत्र बदलले नाही.

हे सूत्र तुटले ते अटलांटिक महासागरावर. गुलाम म्हणून नेल्या जाणाऱ्या माणसांची डोकी जहाजावर चढवण्याआधी सर्रास भादरली जात. पलीकडच्या किनाऱ्यावर शियाचे झाड नव्हते, पूर्वीचे लांब दातांचे कंगवे नव्हते आणि सगळ्यांत मोठी उणीव म्हणजे एकमेकींच्या केसांना द्यायला वेळ नव्हता. अमेरिकेत 1936 ते 1938 या काळात, पूर्वी गुलामीत राहिलेल्या वृद्ध माणसांच्या मुलाखती सरकारी योजनेतून नोंदवल्या गेल्या. त्यांत केसांचे तपशील येतात: डुकराची चरबी किंवा लोणी केसांना फासणे, मेंढीची लोकर पिंजायच्या काटेरी फणीने केस विंचरणे, आठवडाभर बटांना दोरा गुंडाळून वर फडके बांधणे आणि रविवारी ते सोडणे. बटांना गुंडाळलेला तो दोरा म्हणजे इरुन किकोचाच वंशज. तीन अंगांपैकी पेड तगला, स्नेहाच्या जागी जे हाताशी येईल ते आले आणि न्हाण्याची सवड गेली. हे केस ज्यांनी बाहेरून पाहिले त्यांनी त्यांना लोकर म्हटले आणि राठपणाचा दोष केसांच्या जातीवर टाकला.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ॲनी टर्नबो मलोन आणि मॅडम सी. जे. वॉकर या दोन कृष्णवर्णीय उद्योजिका पुढे आल्या. 1867 साली लुइझियानात जन्मलेल्या वॉकरबाईंनी 1906 साली स्वतःच्या नावाचे मलम बाजारात आणले. 1872 साली पेटंट घेतलेली पेट्रोलियम जेली आणि गंधक हे त्यातले मुख्य घटक. नळाचे पाणी नसलेल्या घरांत कोंड्याने आणि टाळूच्या विकारांनी केस गळणाऱ्या असंख्य स्त्रियांना या मलमाने आणि नियमित न्हाण्याच्या त्यांच्या आग्रहाने खरोखर गुण आला, हे मान्य करायलाच हवे. वॉकरबाईंनी केस सरळ करण्याचा धंदा केला असा आरोप होतो, तो अर्धाच खरा. तापवलेला कंगवा त्यांच्या आधीपासून होता आणि त्यांचा भर टाळूच्या आरोग्यावर होता. पण त्यांच्या पद्धतीत त्या कंगव्याला जागा मिळाली आणि तिथून एक वाईट वळण आले. गरम कंगव्याने ओढून सरळ केलेला केस पाणी लागताच पुन्हा पीळ घेतो. त्यामुळे पाऊस, घाम, वाफ, पोहणे, सगळेच वैरी झाले. स्नेह उरला तो कंगव्याचा चटका सोसण्यापुरता. पुढे सोडियम हायड्रॉक्साइडसारख्या तीव्र क्षारांची क्रीमे आली. त्यांनी केसातले गंधकाचे बंधच तोडले आणि पीळ कायमचा गेला, त्याबरोबर ताकदही गेली. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस आलेल्या जेरी कर्लमध्ये रसायनाने मोठे, सैल कुरळेपण आणायचे आणि मग ते टिकावे म्हणून रोज ग्लिसरिनचे पाणी मारायचे, रात्री प्लास्टिकची टोपी घालायची असा क्रम होता. केसांना रोजची ओल लागते हे बाजाराने इथे कबूल केले, पण केस आधी जायबंदी करून.

तुटलेली अंगे जुळायला सुरुवात झाली ती साठच्या दशकात, केस आहेत तसे वाढवणे हा स्वाभिमानाचा प्रश्न झाला तेव्हा. सॅन दिएगोचे केशकर्तनकार विली मॉरो यांनी 1973 साली ‘फोर हंड्रेड इयर्स विदाउट अ कोम्ब’ हे पुस्तक काढले. चारशे वर्षे कंगव्याविना, हे त्याचे नावच फारकतीचा इतिहास सांगते. 2000 नंतर हजारो स्त्रियांनी आपापल्या केसांवर प्रयोग करून जी रीत बसवली तिला आज एलओसी म्हणतात: आधी लिक्विड, मग ऑइल, मग क्रीम. न्हाल्यावर केसांचे सहा-आठ भाग करायचे. एक भाग सोडून त्यावर पाण्याचा फवारा मारायचा. पीळ भिजून लांबतो, बोटांना मऊ लागतो. गुंता टोकाकडून मुळाकडे सोडवत जायचे, मुळाकडून ओढायचे नाही. मग तळहातावर तेल चोळून ते बटेवरून खाली निपटत न्यायचे, टोकांना जास्त. वरून शियाचे क्रीम आणि लगेच दोन पेडांचा पीळ, म्हणजे हातातून सुटताच बट पुन्हा आखडत नाही. रात्री सॅटिनची टोपी, कारण सुती उशी स्नेह शोषते आणि घर्षणाने केस तोडते. प्रत्येक पायरीला आफ्रिकेतला जुना जोडीदार सापडतो. या ज्ञानात महाराष्ट्राचाही एक धागा आहे. मुंबईच्या मॅरिको कंपनीच्या संशोधकांनी 2003 साली दाखवले की खोबरेल केसाच्या आत शिरते आणि धुण्याविंचरण्यात होणारा प्रथिनांचा ऱ्हास कमी करते. खनिज तेल आणि सूर्यफुलाचे तेल यांना ते जमले नाही. घट्ट पिळाच्या केसांची काळजी घेणाऱ्या जगभरच्या स्त्रिया आज न्हाण्याआधी खोबरेल लावतात, त्यामागे हे संशोधन वारंवार पुढे केले जाते.

यावर रसायनतज्ज्ञांचा आक्षेप असा की केसाला ‘मॉइश्चर’ द्या हे सांगणेच चुकीचे. केस हवेतली वाफ आपसूक घेतो. दमट हवेत त्यात पाणी जास्त असते आणि तेव्हाच तो हाताला राठ लागतो. मऊपणा पाण्याने येत नाही, पृष्ठभागावरच्या स्निग्ध थराने येतो. आक्षेप खरा आहे आणि तो माझ्या म्हणण्याला बळच देतो: हे केस कोरडे नसून रुक्ष आहेत. मग पाणी कशाला? तर पाणी केसातले हायड्रोजनचे कच्चे बंध तात्पुरते सैल करते. पीळ लवचिक होतो, गुंता कमी जोराने सुटतो, स्नेह सगळीकडे पसरतो आणि पेडात बांधलेली बट वाळताना तोच आकार धरते. पाण्याचे काम वाट मोकळी करण्याचे, स्नेहाचे काम त्या वाटेने टोकापर्यंत पोचण्याचे, पेडाचे काम पोचलेले राखण्याचे. दुसरा आक्षेप भूतकाळाच्या गौरवाचा. जुन्या रीतीतही दोष होते आणि आहेत. फार आवळून घातलेल्या वेण्यांनी कपाळावरचे केस कायमचे जातात, हे त्वचारोगतज्ज्ञ सांगतात आणि ते ऐकायला हवे. पण वेणी सैल घाला असे सांगता येते. पाणीच नको, पीळच नको, असे सांगणाऱ्या शतकापेक्षा ही दुरुस्ती फार लहान आहे.

कॅलिफोर्नियाने 2019 साली क्राउन कायदा करून नैसर्गिक केस आणि वेण्या यांवरून नोकरीत आणि शाळेत भेदभाव करायला बंदी घातली. कायदा लागला, कारण केसांच्या जातीवर टाकलेला दोष अजून पुसला गेलेला नाही. आपल्याकडेही पुण्यामुंबईत कुरळ्या केसांच्या मुली आता कोरड्या केसांत कंगवा घालत नाहीत. ओल्या बटांना क्रीम निपटतात, सॅटिनच्या उशीवर झोपतात. या शहाणपणाचा मोठा वाटा आपल्यापर्यंत आला तो अशा बायकांच्या हातांतून, ज्यांच्याकडून कंगवा, लोणी आणि वेळ हिसकावला गेला तरी ज्यांनी बटेला दोरा गुंडाळणे सोडले नाही. बाटलीवरच्या ‘ड्राय हेअर’चे मराठी करताना म्हणूनच ‘कोरडे केस’ लिहू नये. ‘रुक्ष केस’ लिहावे. कोरडे म्हटले की दोष केसाचा वाटतो. रुक्ष म्हटले की काय द्यायचे राहिले ते कळते.